पूर ओसरतो, भीती राहते



पूर आला की पंचनामा होतो. घरे किती पडली, जनावरे किती वाहून गेली, धान्य किती भिजले, याची तलाठी नोंद घेतो. आणि ती घ्यावयासच हवी. पण त्या रात्री जे मन खचले, त्याचा रकाना पंचनाम्यात नसतो. त्याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

नरखेड तालुक्यातले मोवाड आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीचे पाणी गावात शिरले आणि 204 माणसे गेली. 2023 च्या सप्टेंबरात खुद्द नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले आणि माणसांना नावांतून बाहेर काढावे लागले.

अशा माणसाचे पुढे काय होते? आभाळ गडगडले की छाती धडधडते. डोळ्याला डोळा लागत नाही. “मी वाचलो, मग तो का गेला?” हा प्रश्न आतून पोखरतो. घरचा कर्ता बोलेनासा होतो, चिडतो, नाहीतर दारूकडे वळतो. मूल आईचा पदर सोडत नाही, रात्री अंथरूण ओले करते. हे वेड नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे. बहुतेकांचे मन हळूहळू सावरते. मात्र त्याला आधार लागतो.

तेव्हा “झाले गेले विसरा” असे म्हणू नका. तो बोलेल तेव्हा ऐका; बोलत नसेल तर खोदून विचारू नका. छावणीत त्याच्या हाताला काम द्या. फुकटचे ताट घेताना खाली गेलेली मान, तेच ताट दुसऱ्याला वाढताना वर येते. एका आळीतली कुटुंबे शेजारी-शेजारीच राहू द्या. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर कितीतरी गावे नव्या जागी वसवावी लागली. अशा वेळी भिंती बांधून मिळतात. शेजार कोणी बांधून देत नाही.

गुरुजनहो, शाळा होईल तितक्या लवकर भरवा, झाडाखाली का होईना. घंटा, प्रार्थना, हजेरी, या रोजच्या गोष्टींनी मुलाला जग पुन्हा ओळखीचे वाटू लागते. ते पुराचेच चित्र पुन्हा पुन्हा काढत असेल तर काढू द्या. अभ्यासात मागे पडले म्हणून छडी उगारू नका. वर्गातले एखादे मूल गेले असेल, तर हजेरीत त्याचे नाव गुपचूप गाळू नका. काय झाले ते साध्या शब्दांत सांगा.

महिना उलटूनही झोप येत नसेल, कामात लक्ष नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटा. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा तोंडी आली, तर महिन्याची वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मागा. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य आहे.

तो शाळेच्या फळ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आजच लिहून ठेवा. पाणी चढू लागल्यावर लिहावयास सवड नसते.