दोन विमानतळांमधील अंतर



आपल्या गावाच्या नावातच सडक आहे. मोरगाव-अर्जुनी ती वेगळी, ही सडकेवरची अर्जुनी. अशा गावी विमानाच्या गोष्टी सांगावयास आम्ही उभे राहिलो, याचे कोणास नवल वाटेल. परंतु विमानाचा हिशेब सडकेवाचून पुरा होत नाही, हेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

आपल्या जिल्ह्यातील बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली गेली. बिरसीहून नागपूरचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे 138 किलोमीटर. ताशी 500 किलोमीटर वेगाने हे अंतर 17 मिनिटांत तुटावे. शाळकरी मुलगाही हे गणित चटकन सोडवील. पण प्रवास काही पाटीवर होत नाही! बिरसीहून नागपूरला विमान सुटते असे घटकाभर धरून चालू. आपण कोहमाऱ्याच्या फाट्यावरून गोरेगाव, गोंदिया करीत बिरसी गाठणार. त्यात दीड तास गेला. विमान सुटण्यापूर्वी तासभर तरी हजर राहावयाचे. एवढ्या वेळात महामार्गाने निघालेली मोटार साकोली, भंडारा मागे टाकून नागपूरच्या वेशीशी पोचलेली असते.

मग विमान व्यर्थ काय? मुळीच नव्हे. 1 डिसेंबर 2023 रोजी बिरसीहून हैदराबादेस विमानसेवा सुरू झाली. ते अंतर सरळ रेषेत 500 किलोमीटरांहून थोडे अधिक. सडकेने रात्र सरते, विमानाने दीडएक तास पुरतो. उपचारासाठी निघालेल्या रोग्याला या फरकाचे मोल विचारावे. अंतर लांब असले म्हणजे घरापासून धावपट्टीपर्यंतचा खर्ची पडलेला वेळ भरून निघतो. जवळच्या प्रवासात तो निघत नाही.

येथे नागपूरचेच एक उदाहरण देतो. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री विमाने निघत, नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्या बदलीत आणि परत फिरत. मुंबई तेथून सुमारे 680 किलोमीटर, कलकत्ता 980च्या घरात. म्हणजे अंतरे सारखी नव्हती. तरी सकाळी पत्रे दूरच्या शहरी पोचत. 1973 पर्यंत चाललेल्या या व्यवस्थेचे मर्म वेगात नव्हते, मेळात होते. एक विमान चुकले, तर त्याच्या थैल्यांपुरती इतर तिघांची धाव फुकट!

हाच मेळ आपणांस हवा आहे. विमानाची वेळ एक आणि एस. टी.ची वेळ दुसरी, असे झाले तर गाडी करण्याची ऐपत असलेल्यालाच बिरसी जवळ. इतरांना ती हैदराबादेइतकीच दूर. म्हणून धावपट्टीची लांबी मोजताना आपल्या थांब्यावरून सुटणाऱ्या बसची वेळही विचारा, आणि ती जुळत नसेल तर जुळवून मागा. दोन विमानतळांमधील अंतर नकाशा सांगतो. माणसाचा प्रवास उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत असतो.