घरचं गाणं आणि समाजाचा कान

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त किल्लारी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या मंडळींचा निरोप आला, "तुम्ही घरी बसून गाणी तयार करता, त्यावर चार शब्द बोला." आम्ही म्हटलं, अहो, आम्ही ना गायक ना वादक. सूतगिरणीत जन्म घालवलेला माणूस. शाळा दहावीच्या अलीकडंच सुटली. पुढं जे शिकलो ते वाचनालयात, मोर्चात आणि यंत्रापाशी. पण मंडळी ऐकेनात. तेव्हा या छंदात आम्ही काय चुकलो, तेच आज प्रामाणिकपणे सांगावं असं ठरवलं. शहाणपणाच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ आहेत. चुका सांगणारा एखादा असावा.

बंधू-भगिनींनो, आपल्या चळवळीत गाणं ही करमणुकीची बाब कधीच नव्हती. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं, त्याला गाणं वाचता येत होतं. पुढं सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आयुष्यभर गात फिरले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांनी आपल्या आवाजानं वस्त्या जागवल्या. मग कॅसेट आली. फिलिप्स कंपनीनं ती १९६३ साली काढली, पण आपल्या घरात ती पोहोचायला ऐंशीचं दशक उजाडलं. तेव्हा प्रथमच असं झालं की, गरिबाचा आवाज गरिबाच्याच घरात टिपता येऊ लागला. रेडिओ केंद्रावर जायला नको, मुंबईचा स्टुडिओ नको. एक टू-इन-वन आणि एक कोरी कॅसेट, की झालं!

आम्हीही गिरणीच्या बोनसमधून असाच एक टू-इन-वन घेतला होता. साल १९९१. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे ते दिवस. सुट्टीला गावी आलो, तर आत्या आणि गल्लीतल्या दोघी-तिघी जात्यावर तुरी भरडत होत्या. पिठाची गिरणी गावात होती, पण डाळ जात्यावरच करायची. भरडता भरडता त्या भीमाच्या ओव्या गाऊ लागल्या. आम्ही टू-इन-वन पाटावर ठेवला आणि लाल बटण दाबलं. आत्या म्हणाली, "अरे, ह्यात काय भरूलालास? माजा आवाज का रेडूत लावायचाय?" आणि हसली. ते हसणंसुद्धा त्या कॅसेटमध्ये आहे.

त्यानंतरचं काय सांगावं? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी. आपली घरं माळवदाची, दगड-मातीच्या रुंद भिंतींची. उन्हाळ्यात गार, पण त्या पहाटे तीच माणसांवर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली ५२ गावं भुईसपाट झाली. हजारो माणसं गेली. आम्ही तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे, रातपाळीला गिरणीत होतो, म्हणून आज तुमच्यापुढं उभे आहोत. घरातली तीन माणसं गेली. त्यात आत्या गेली. तिचा एकही फोटो आमच्याकडं नाही. माती उपसताना एक पत्र्याची पेटी चेपलेली सापडली. तिच्यात लुगडी, रेशन कार्ड आणि ती कॅसेट.

वीस वर्षं आम्ही ती वाजवली नाही. धीर झाला नाही, हे खरं कारण. फीत तुटेल, हे लोकांना सांगायचं कारण.

२०१४ साली पुतणीच्या शिक्षणासाठी एक जुना संगणक घरात आला. तिनं एक दिवस दाखवलं की, ऑडॅसिटी नावाचं एक साधन फुकट मिळतं, त्यात आवाज भरता येतो, कापता येतो, एकावर एक चढवता येतो. तेव्हा पेटीतली कॅसेट बाहेर काढली. तिच्या कवचात माती गेली होती. पाच बारीक स्क्रू काढले आणि फीत दुसऱ्या स्वच्छ कवचात बसवली. एका ठिकाणी ती तुटलेली होती. तिथं गिरणी कामाला आली. जन्मभर तुटलेला धागा जोडायचंच काम केलं. बोटांना ती सवय आहे. टेपचं हेड स्पिरिटनं पुसलं, हेडफोनच्या छिद्रातून वायर काढून संगणकाला जोडली, आणि वीस-एकवीस वर्षांनी आत्या बोलली. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

इथून आमचा छंद सुरू झाला. आणि इथूनच चुका सुरू झाल्या.

पहिली चूक कानाची. आत्याचे शब्द आम्हाला नीट ऐकू येईनात. 'स', 'श', 'च' ही अक्षरं तर गायबच. आम्हाला वाटलं, कॅसेट जुनी झाली. म्हणून आम्ही वरचा, बारीक पट्टीचा आवाज वाढवत नेला. आमच्या कानाला छान लागेपर्यंत वाढवला, आणि मोठ्या हौसेनं धम्मचक्र प्रवर्तन दिनी विहारात लावला. पहिली ओवी संपायच्या आत माणसांनी कानांवर हात ठेवले. पुतणी जवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, सुईवानी टोचूलालंय." फितीची खरखरही आम्हीच चौपट केली होती, आणि आम्हाला तिचा पत्ता नव्हता.

मग कान तपासून घेतले. डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून दिला. आलेखाची रेघ चार हजार कंपनांपाशी खड्ड्यात उतरावी तशी खाली गेली होती. ते म्हणाले, यंत्राच्या गोंगाटानं आधी इथंच मार बसतो. रिंग फ्रेमच्या खात्यात आम्ही वर्षानुवर्षं कानात कापसाचा बोळासुद्धा न घालता उभे राहिलो. कापूस सगळा यंत्रात, कामगाराच्या कानात काही नाही! ज्या पट्टीत 'स' आणि 'श' राहतात, ती पट्टीच आमच्या कानातून गेलेली होती. कॅसेटमध्ये आत्या जशीच्या तशी होती. बहिरे आम्ही झालो होतो.

त्या दिवसापासून घरात नियम झाला. हात आमचे, कान पुतणीचे. बटण आम्ही फिरवायचं, पण "पुरे" तिनं म्हणायचं. ज्याला ऐकू येत नाही त्यानं ऐकणाऱ्यावर विश्वास ठेवावा, यात कमीपणा कसला? आपला प्रत्येकाचा कान कुठं ना कुठं उणा असतो. वयानं, कामानं नाहीतर अहंकारानं.

दुसरी चूक स्वच्छतेची. त्या साधनात एक सोय आहे. नुसत्या खरखरीचा एक तुकडा दाखवला की, ते सगळीकडून तशी खरखर काढून टाकतं. आम्ही ती सोय भरपूर वापरली. वर शंभर कंपनांच्या खालचा सगळा घुमारा कापून टाकला. आवाज कसा काचेसारखा झाला! मग वस्तीतल्या एका म्हातारीला मुद्दाम घरी बोलावलं. ती त्या दिवशी आत्याबरोबर जात्यावर बसलेली होती. तिनं डोळे मिटून सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "जातं कुटं गेलं?"

मंडळी, आम्ही जातंच पुसून टाकलं होतं! यंत्राला सतत घरघरणारं ते सगळं कचराच वाटलं. त्याचा काय दोष? पण ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते. हात फिरतो तसा शब्द लांबतो, खुंटा वळतो तिथं श्वास येतो. जातं काढलं की ओवी अधांतरी होते. आम्ही मूळ भरणीवर परत गेलो आणि खरखर थोडीच कमी केली. जातं राहू दिलं, बांगड्यांचा आवाज राहू दिला, मधेच ओरडणारी शेळीसुद्धा राहू दिली. ही मूळ भरणी आम्ही वेगळी, जशीच्या तशी ठेवलेली होती, म्हणून परत जाता आलं. तीच नसती तर? म्हणून सांगतो, मूळाला कधी हात लावू नका. जी काटछाट करायची ती नकलेवर करा.

या ओव्यांचं मोल दुसऱ्यांनीही ओळखलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वा यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या आपल्या बायाबापड्यांच्या भीमाच्या ओव्याही आहेत. १९९६ साली त्या ध्वनिमुद्रित झाल्या. पण प्रत्येक गावात कुणी बाहेरचा येईल, याची वाट का पाहावी?

तिसरी चूक ठेक्याची. तरुण पोरं म्हणाली, "काका, ह्याला बीट टाका, १४ एप्रिलला वाजवू." आम्ही हुरळून गेलो. ढोलकी, हार्मोनियम, खाली धडधडणारा ठोका, सगळं चढवलं. मिरवणूक झोकात निघाली, पोरं नाचली. पण ओवीतला एक शब्द कुणाला कळला असेल तर शपथ! पाणवठ्यावर भीमानं ओंजळ उचलली, एवढा मोठा अर्थ, आणि तो धडधडीखाली चिरडून गेला.

आम्ही पोरांशी वाद घातला. त्यातल्या एकानं सडेतोड उत्तर दिलं, "काका, तुमच्या वेळी कव्वालीच्या चालीवर भीमगीतं चालली, सिनेमाच्या चालीवर चालली. मग आमचा ठेकाच का नको?" त्याचं म्हणणं आम्हाला पटलं. ठेका त्याच्या काळाचा आहे, तो राहील. पण शब्दाचं काय? दोघांनी बसून तोड काढली. ओवी सुरू होताच ठोका निम्म्यावर येतो, ओवी संपली की पुन्हा चढतो. हार्मोनियम आणि गळा हे एसटीच्या एकाच सीटवर बसणारे दोन प्रवासी. म्हणून शब्दांच्या पट्टीत हार्मोनियमला जरा सरकून बसायला लावलं. आता पोरं नाचतात आणि म्हाताऱ्या ओठांतल्या ओठांत म्हणतातही.

जाता जाता कानांबद्दल एक विनंती. डॉक्टर सांगतात, ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो. पुढं दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. आम्ही कान पोटासाठी गमावले. तुम्ही ते हौसेखातर भिंतीएवढ्या स्पीकरपुढं गमावू नका.

आता ज्यांना घरी हा उद्योग करायचा आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. महागडं सामान लागत नाही. साधा मोबाइल पुरतो. खोलीत दोन-तीन वाकळा दोरीवर टांगा, म्हणजे स्लॅबचा घुमारा येत नाही. पंखा बंद करा. मोबाइल तोंडापासून एक वीत लांब, जरा बाजूला धरा. आवाज भरताना काटा लालपर्यंत जाऊ देऊ नका. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. मिक्सिंग करताना गळा आधी, बाकीचं त्याच्या मागं. मीठ नंतर घालता येतं, काढता येत नाही, तसंच घुमाऱ्याचं आहे. रात्री केलेलं काम सकाळी पुन्हा ऐका. मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर ऐका आणि विहाराच्या कर्ण्यावर ऐका. तिथं शब्द कळला तर काम झालं. आणि शेवटी घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ऐकवा. तेच आपले परीक्षक.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. तुमच्या घरात आजी आहे, आजोबा आहेत. त्यांना ओव्या येतात, जुन्या गायन पार्टीची गाणी येतात, नामांतराच्या लढ्यातल्या आठवणी येतात. या आठवड्यातच ते टिपून घ्या. नाव, गाव, तारीख आधी बोलून घ्या, नाहीतर पन्नास वर्षांनी कुणाचा आवाज हे कुणी सांगणार नाही. आणि त्याच्या दोन प्रती करा. एक तुमच्या घरी, दुसरी दुसऱ्या गावी, पाव्हण्याच्या घरी. सगळं एका छपराखाली ठेवू नये, हे किल्लारीच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आत्याच्या ओव्यांची एक प्रत आम्ही आज विहार समितीकडं देत आहोत. जातं, बांगड्या, शेळी आणि ते हसणं, सगळं त्यात आहे. कार्यक्रम संपल्यावर ती लावू. आमच्या कानाला 'स' आणि 'श' ऐकू येणार नाहीत. तुम्हाला येतील. तेवढ्यासाठीच हा सारा खटाटोप.

जय भीम! नमो बुद्धाय!