बायबलबाहेरची शुभवर्तमानं : दडपलेली की वाचलेली?

‘चर्चने दडपलेली शुभवर्तमानं’ हा शब्दप्रयोग तुम्ही ऐकला असेलच. कादंबऱ्या, व्हिडिओ, व्हॉट्सअॅप, सगळीकडे तो फिरतो. मला तो अर्धवट वाटतो. का, ते सांगतो.

वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा घ्या. सप्टेंबरात, मारियेच्या जन्माच्या सणाला धरून भरते. आता बायबल उघडा आणि मारियेच्या जन्माची गोष्ट शोधा. नाही सापडणार! तिच्या आईवडिलांची नावंसुद्धा नाहीत. आना आणि योवाकीम ही नावं येतात दुसऱ्या शतकातल्या एका पुस्तकातून, याकोबाच्या नावावरच्या ‘आद्य शुभवर्तमाना’तून. बायबलमध्ये त्याला जागा मिळाली नाही, पण सण, चित्रं, चर्चची नावं यांत ते जाऊन बसलं. गोव्यात तळावलीचं सांत आनाचं चर्च आहे, ते याच आनाचं. याला दडपणं कसं म्हणायचं?

दुसरं टोकही आहे. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ शेतकऱ्यांना मातीच्या रांजणात कॉप्टिक भाषेतल्या जुन्या वह्या सापडल्या. त्यात थोमाचं शुभवर्तमान होतं. ११४ वचनं, बस्स. जन्म नाही, क्रूस नाही, पुनरुत्थानाची कथा नाही. काही वचनं मत्तय-लूकमध्ये भेटतात तशीच, काही मात्र पार कोड्यात टाकणारी. हे पुस्तक खरोखर नजरेआड गेलं होतं. म्हणजे बाहेर राहिलेल्या सगळ्या पुस्तकांचं नशीब एक नव्हतं.

मधल्या पुस्तकांचं काय? ‘हर्मासचा मेंढपाळ’ हे पुस्तक चौथ्या शतकातल्या सिनाई हस्तलिखितात नव्या कराराच्या पुस्तकांबरोबरच बांधलेलं आहे. आज आपल्याला परिचित असलेली नेमकी २७ पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाच्या अथनासियसच्या ३६७ सालच्या पत्रात दिसते. त्याच पत्रात तो हर्मास आणि ‘दिदाखे’ नव्याने धर्मात येणाऱ्यांनी वाचावीत असं म्हणतो. यादीबाहेर, पण वाचनात!

मला सगळ्यात आवडतो तो सेरापियनचा किस्सा. साधारण २०० सालच्या सुमारास अंत्युखियाचा बिशप. ऱ्होसस गावच्या मंडळींत पेत्राच्या शुभवर्तमानावरून कुरबुर चालू होती. याने पुस्तक न वाचताच सांगून टाकलं, वाचा की, त्यात काय! पुढे कानावर आलं की त्याआडून वेगळीच शिकवण पसरतेय. मग त्याने पुस्तक मिळवलं, वाचलं आणि लिहिलं की बरंचसं ठीक आहे, पण काही भाग वरून जोडलेला आहे. आज त्याचा एक तुकडा आपल्या हाती आहे. त्यात कबरीतून बाहेर येणाऱ्यांच्या मागे क्रूस चालत येतो, आणि आकाशातून प्रश्न आला की चक्क ‘हो’ म्हणतो.

पुढच्या भागात ‘थोमाची कृत्यं’ : भारतात गुलाम म्हणून विकला गेलेला सुतार, राजा गोंदोफारेस आणि स्वर्गात बांधलेला महाल. भेटूच.