कमाईपूर्वीचे कमिशन



शाळेच्या स्नेहसंमेलनात एखाद्या मुलीने नाट्यप्रवेश उत्तम वठवावा आणि आठवडाभरात तिच्या वडिलांचा फोन खणखणावा, हा प्रसंग आता लातूर-चिपळूणच्या घरांनाही नवा राहिलेला नाही. पलीकडची व्यक्ती मोठ्या आर्जवाने सांगते की, मालिकेसाठी मुलीची निवड झाली आहे. केवळ नोंदणीचे काही हजार भरायचे आहेत. मग पोर्टफोलिओचे पैसे, मग ओळखपत्राचे, शेवटी पोशाखाची अनामत. प्रत्येक रक्कम अशी बेतलेली असते की, मध्यमवर्गीय पित्याला ती जड वाटावी, परंतु अशक्य वाटू नये. आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून तो पुढचे भरतो.

‘एजंट’ हा शब्द आपल्याकडे आरटीओच्या फाटकाशी उभ्या असणाऱ्यांमुळे आधीच बदनाम आहे. तथापि अंधेरी-वर्सोव्याच्या चित्रसृष्टीत कोऑर्डिनेटर किंवा मॅनेजर म्हणून प्रामाणिकपणे वावरणारी माणसेही आहेत. अशी व्यक्ती काम मिळवून देते आणि मिळालेल्या मानधनातून ठरलेला हिस्सा घेते. कलावंताला काम नाही, तर तिलाही प्राप्ती नाही. त्यामुळेच ती मोजकेच कलावंत हाती घेते व इतरांना स्पष्ट नकार देते. नकार कटू लागतो खरा. पण दिसेल त्या मुलात ‘उद्याचा तारा’ पाहणाऱ्याचा व्यवसाय निराळाच असतो. कास्टिंग डायरेक्टर हा आणखी वेगळा. त्याचा मोबदला निर्मात्याने द्यायचा असतो, कलावंताने नव्हे.

ज्या कलावंतांची नावे एजंट सांगतो, त्यांपैकी दोघांशी तरी पालकांनी स्वतः बोलावे. निर्मितिसंस्थेचा क्रमांक स्वतंत्रपणे शोधून तेथे विचारणा करावी. करारात मुदत किती, टक्केवारी किती, मानधन कोणाच्या खात्यात जमा होणार, हे वाचल्याविना स्वाक्षरी नको. पालकांना बाहेर थांबवून मुलीला एकटीला आत बोलावले, तर तेथूनच परतावे.

मूल चौदा वर्षांखालील असेल, तर कायदाच कसोटी पुरवतो. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून काम घेण्यासाठी निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, आणि उत्पन्नातील किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. फोन करणाऱ्याला एवढेच विचारावे की, ही परवानगी कोणता निर्माता काढणार आहे? बहुधा संभाषण तेथेच संपते.

पैसे गेलेच, तर १९३० या सायबर मदतवाहिनीवर तत्काळ तक्रार करावी. प्रत्यक्षात घडते ते वेगळेच. चार लोकांत हसे होईल म्हणून वडील गप्प बसतात, आपल्यामुळे घराचे पैसे गेले म्हणून मुलगी पुन्हा रंगमंचावर पाय ठेवत नाही. आणि तोच आर्जवी आवाज पुढच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यात फोन लावतो.