घोंगडी कोणाची?

(शेणवा येथे महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी मला गावात फिरताना पाहिलं असेल. ही बाई दारोदार जाऊन जुन्या घोंगड्या विचारते, भांडी नाहीत, सोनं नाही, घोंगड्या! एका आजींनी तर मला सरळ बोहारीणच ठरवलं आणि विचारलं, "बदल्यात काय देशील?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर द्यायला उभी आहे.

माझ्याकडे आज ३१ घोंगड्या आहेत. काही शहापूर-मुरबाडच्या गावांतल्या, काही घाटावरच्या. सगळ्या हातमागाच्या, हातानं कातलेल्या लोकरीच्या. आपल्याकडे कुणी घोंगडी म्हणतं, कुणी कांबळं. आपण मेंढ्या पाळणारी माणसं नाही, मग ती आपल्या घरात आली कुठून? घाटावरून. दिवाळीनंतर धनगर कळप घेऊन कोकणात उतरतात, भातकापणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवतात, शेताला खत मिळतं, त्यांना धान्य मिळतं. आणि पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा. तिथे बैल घ्यायला गेलेला माणूस येताना घोंगडी घेऊन यायचा. पावसात तिची खोळ करून डोक्यावर घ्यायची, थंडीत पांघरायची, पाहुणा आला की अंथरायची.

आता ही घोंगडी होते कशी ते बघू, कारण खरी गोष्ट तिथे आहे. मेंढीची लोकर कातरायचं काम साधारणपणे पुरुषांचं. मग लोकर निवडायची, रंगाप्रमाणे वेगळी करायची, काडीकचरा काढायचा, पिंजायची, पेळू करायचे आणि सूत कातायचं. यातलं बहुतेक काम बायांचं, आणि कातणं तर बायांचंच. स्वयंपाक, पाणी, पोरं सांभाळून उरलेल्या वेळात कातायचं. एका घोंगडीचं सूत व्हायला कितीतरी दिवस जातात. मग ताणा लावायचा, त्याला चिंचोक्याची खळ द्यायची. तिथेही बाईचे हात असतात. शेवटी खड्डामागावर सनगर विणकर बसतो आणि घोंगडी विणतो. विणून झाली की तो ती बाजारात नेतो. गिऱ्हाईक विचारतं, "कुणी केली?" तो म्हणतो, "मी."

तो खोटं बोलत नाही. विणणं हे मोठं कसब आहे. पण ते शेवटचं काम आहे, आणि आपल्याकडे शेवटचं काम करणाऱ्याचंच नाव लागतं. आधीच्या सगळ्या दिवसांना नाव नाही, मजुरी नाही. जनगणनेत तरी ते दिवस धरले जात होते का? १९९१च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नात पहिल्यांदा स्पष्ट शब्द घातले गेले, की शेतीतलं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही मोजायचं. त्याआधी विचारणारा दारात यायचा, घरातला पुरुष सांगायचा, "ती काही करत नाही, घरीच असते." आणि घरात चरखा फिरत असायचा!

मुरबाड तालुक्यातल्या एका घरी मी घोंगडी बघत होते. "कुणाची?" म्हणून विचारलं. मुलगा म्हणाला, "बापाची." आतून म्हातारी म्हणाली, "बापानं आणली. पैसं माझ्या आवणीच्या मजुरीचं." मुलाला हे ठाऊकच नव्हतं. चाळीस वर्षं ती घोंगडी बापाची म्हणून त्या घरात होती. म्हणजे कातणारी बाई, विकत घ्यायला पैसे देणारी बाई, धुऊन-वाळवून टिकवणारी बाई, आणि घोंगडी मात्र बापाची. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, घोंगडीवरही नाही.

आता या घोंगड्या घराबाहेर चालल्या आहेत. गिरणीची ब्लँकेटं स्वस्त, पावसाला प्लास्टिक आलं. घाटावर दख्खनी मेंढीच्या लोकरीला भाव नाही, पुष्कळदा कातरलेली लोकर टाकून दिली जाते. कातणाऱ्या बाया म्हाताऱ्या झाल्या. इकडे जुनी घोंगडी एखाद्या स्टीलच्या पातेल्यावर जाते आणि मुंबईच्या दुकानात भिंतीवर टांगली जाते. खाली चिठ्ठी असते: लोकर, हातमाग, महाराष्ट्र. बस.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. तिथल्या उंच डोंगरांत आयमारा आणि केचुआ लोक राहतात. लामा, अल्पाका आणि मेंढी यांच्या लोकरीचं कापड तिथल्या बाया विणतात. तिथल्या कोरोमा गावात शेकडो वर्षांची वस्त्रं गाठोड्यांत जपलेली होती. ती पूर्वजांची, साऱ्या गावाची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या सणाला, ती बाहेर काढायची. जुन्या कापडाला परदेशात पैसा मिळू लागला तसे व्यापारी तिथे पोचले. १९८३च्या सुमारास मोठा दुष्काळ होता, पोटात अन्न नव्हतं. काही राखणदारांना पैसे चारले गेले, काही वस्त्रं चोरीला गेली. १९८८ साली ती अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला विक्रीला आलेली सापडली. क्रिस्तिना बुब्बा या बोलिव्हियन बाईंनी गावकऱ्यांबरोबर पाठपुरावा केला. १९८९मध्ये अमेरिकेनं अशी वस्त्रं देशात आणायला बंदी केली आणि १९९२मध्ये त्यांतली बरीच परत मिळाली. का मिळाली? कारण गावकरी ठामपणे सांगू शकले, की हे वस्त्र अमक्या गाठोड्यातलं, ते एकट्यादुकट्याच्या मालकीचं नाहीच, तर विकलं कसं? ज्याला आपल्या वस्तूची ओळख सांगता येते, त्याला ती परत मागता येते.

मग संग्रह करणं वाईटच का? तसं मी म्हणणार नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आणि कमलाबाईंनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी गोळा केली आणि १९७५ साली तो संग्रह सरकारला दिला. रोजच्या वापरातली, बायांच्या हातातली वस्तू जपण्याच्या लायकीची असते, हे त्यांनी दाखवलं. मला त्यात एवढंच जोडायचं आहे: वस्तूबरोबर बाईचं नावही जपा.

म्हणून मी चार गोष्टी पाळते. अंगावरची, वापरातली घोंगडी मागत नाही. घरातल्या पुरुषाशी सौदा करून आजीची घोंगडी उचलत नाही; आधी तिला विचारते. पैसे तिच्या हातात देते, आणि देण्याआधी शहरात हिला काय किंमत येते ते सांगते. चौथी गोष्ट, वहीत लिहून घेते: कुणी घेतली, कुठून, कोणत्या साली, कुणाच्या पैशानं, कातणारी कोण हे ठाऊक असेल तर तेही. त्याची एक प्रत त्या घरी ठेवते. कितीतरी वेळा घोंगडी तिथेच राहते, माझ्याकडे फक्त फोटो आणि नोंद येते. ३१ घोंगड्या आहेत, पण नोंदी त्याहून खूप जास्त आहेत.

कुणी म्हणेल, गरीब बाईला पैशाची गरज असते, तिला विकू नको सांगणारी तू कोण? खरं आहे. विकणं हा तिचा हक्कच आहे. पण हक्क म्हणजे ठरवणारी ती, किंमत ठाऊक असलेली ती आणि पैसे घेणारी ती. मुलानं परस्पर पातेल्यावर दिली तर त्याला तिचा हक्क म्हणता येत नाही.

ज्यांच्याकडे अजून घोंगडी आहे त्यांना दोन शब्द. पावसाळा संपला की कडक उन्हात घाला, झटका, मगच ठेवा, नाहीतर कसर लागते. घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. गरम पाण्यात धुऊ नका, आटते. दर वर्षी घडीची जागा बदला, नाहीतर घडीवरच विरते.

आणि एक काम. घरी घोंगडी असो, वाकळ असो, सासूला, आईला, आजीला विचारा: ही कुणी केली, कुणाच्या पैशानं आली? शाळेत जाणाऱ्या मुलीला वही-पेन्सिल घेऊन शेजारी बसवा, तिला लिहू द्या. चार ओळी पुरे. पण त्यात बाईचं पूर्ण नाव पाहिजे. अमक्याची बायको, तमक्याची आई असं चालणार नाही. पुढच्या बैठकीला येताना ते कागद घेऊन या, आपण ते मोठ्यानं वाचू.