केजकरांचा परमुलूख

परक्या देशातील स्वतंत्र प्रवास, म्हणजे वाटाड्या किंवा प्रवासी कंपनी सोबत न घेता स्वतःच्या जबाबदारीवर केलेला प्रवास, हा विषय निघाला की लंडन, न्यूयॉर्क किंवा टोकियो ही नावे पुढे येतात. परंतु बीड जिल्ह्यातील केज आणि आसपासच्या गावांना अशा प्रवासाची ओळख विमानाच्या कितीतरी आधी, पायी आणि बैलगाडीने झालेली होती. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग हैदराबादच्या निजामाच्या राज्यात, लोकांच्या बोलण्यात सांगायचे तर मोगलाईत, मोडत असे, आणि मांजरा नदी ओलांडून कळंब, येरमाळा मागे टाकत बार्शीला पोहोचलेला केजचा माणूस इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात उभा राहत असे. हैदराबाद हे इंग्रजांचे मांडलिक संस्थान असल्यामुळे कायद्याच्या काटेकोर अर्थाने इंग्रजी मुलुखास परदेश म्हणता येत नाही. तरीही नाणे, जकात, टपालाचे तिकीट आणि कचेरीतील तारीख या चारही गोष्टी बदलत असतील, तर प्रवाशाच्या दृष्टीने तो परमुलूखच होय.

पहिली अडचण पैशाची येई. निजामाचा रुपया हाली सिक्का म्हणून ओळखला जाई आणि इंग्रजांचा रुपया कलदार म्हणून. सात हाली रुपयांना सुमारे सहा कलदार असा त्यांचा भाव असल्यामुळे बाजारात नेलेली रक्कम सराफाच्या पेढीवर पोहोचताच आकड्याने घटत असे, आणि त्यावर सराफाचा बट्टा, म्हणजे नाणे बदलून देण्याबद्दलची कपात, वेगळा द्यावा लागे. ज्या शेतकऱ्याला हिशेब तोंडी करावा लागे आणि ज्याच्या ओळखीचा आडत्या बार्शीत नसे, त्याच्यासाठी सात आणि सहा यांचे हे गुणोत्तर नुकसानीचे सहज कारण ठरू शकत होते. दुसरी अडचण करोडगिरीची. करोडगिरी म्हणजे निजाम सरकारचे जकात खाते. सरहद्दीवरील नाक्यावर मालाच्या किमतीवर शेकडा पाच या दराने जकात घेतली जाई, आणि लग्नाचे कापड किंवा भांडी घेऊन परतणाऱ्या कुटुंबालाही नाका चुकवता येत नसे. शिवाय संस्थानी कचेऱ्यांचा व्यवहार फसली सनाने चाले. फसली हा महसुलासाठी रूढ झालेला कालगणनेचा प्रकार असून त्याचे वर्ष इसवी सनापेक्षा सुमारे ५९० ने मागे असते.

या सरहद्दीची रेषा सरळ नव्हती, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. पैठणहून पंढरपूरला जाणाऱ्या संत एकनाथांच्या पालखीच्या मार्गावरील आजची गावे त्या काळच्या नकाशावर ठेवून पाहिली, तर पैठण निजामाकडे, शेवगाव तालुका इंग्रजांकडे, पाटोदा पुन्हा निजामाकडे, खर्डा इंग्रजांकडे, परांडा निजामाकडे आणि कुर्डू इंग्रजांकडे अशी अदलाबदल दिसते. विठ्ठलाच्या दर्शनाला निघालेल्या वारकऱ्याने एका वारीत राज्य इतक्या वेळा ओलांडावे, आणि तरीही मुक्कामाच्या प्रत्येक गावी तोच हरिपाठ चालू असावा, हे या प्रदेशाचे खरे वैभव आहे.

प्रवासाचा आनंदही कमी नव्हता. बार्शी लाईट रेल्वे ही अडीच फूट रुंदीच्या रुळांची गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली, १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरला आणि १९११ मध्ये पूर्वेकडे लातूरपर्यंत पोहोचली, आणि त्यामुळे कित्येक दिवसांची पायपीट या मार्गावरील येडशीच्या आसपास गाडीत बसून वाचू लागली. बार्शीच्या भगवंत मंदिरात दर्शन, मोठा बाजार पाहणे आणि सोयऱ्यांकडे मुक्काम यांपलीकडे आणखी एक आनंद होता, तो मोकळेपणाचा. उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम १९१८ पासून उर्दू होते, आणि १९२९ च्या गश्ती क्रमांक ५३ ने, म्हणजे सरकारी परिपत्रकाने, संस्थानात सभा भरवण्यावर कडक बंधने आली होती. अशा वातावरणातून आलेल्या तरुणाला मराठीतून उच्च विचार ऐकण्याची आणि वाचण्याची सोय सोलापूर-पुण्याकडे मिळत असे. इंग्रजी मुलूख स्वतंत्र नव्हता, १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला होता, हेही विसरता येत नाही. मात्र दोन राजवटी शेजारी ठेवून तोलण्याची दृष्टी या प्रवासाने दिली, आणि तिचे मोल फार मोठे आहे. ज्ञानाची ये-जा उलट दिशेनेही झाली: पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकलेले स्वामी रामानंद तीर्थ केजच्या शेजारी आंबेजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवू लागले आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले.

मराठी प्रवासवर्णनाच्या परंपरेत असा प्रवास परका नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत संस्थाने ओलांडत झाशीपर्यंत गेले, लुटले गेले, आणि त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. केज-बार्शी वाटेवरच्या प्रवाशांनी मात्र फारसे लिहून ठेवलेले नाही. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. हाली रुपयाचे चलनही अखेर रद्द झाले. ज्यांनी तो रुपया हाताळला आणि नाक्यावर गाठोडे सोडून दाखवले, ती पिढी आता नव्वदीकडे झुकली आहे, आणि केज, कळंब, परांड्याच्या घरांतून त्यांच्या आठवणी लिहून घेण्याचे काम आजच करता येण्यासारखे आहे.