सभासद वही आणि जावक वही
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मी बँकेत कारकून आहे. त्यामुळे विचारांवर बोलण्याऐवजी वह्यांवर बोलतो, याबद्दल क्षमा असावी.

दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती उशिरा मिळते म्हणून आपण एका कार्यालयात निवेदन दिले. मजकूर जोरदार होता, सह्या पुष्कळ होत्या. साहेबांनी एवढेच विचारले, "तुमच्या किती मुलांचे पैसे अडलेत? कोणत्या वर्षाचे?" आम्ही पाचही जण एकमेकांकडे पाहू लागलो. आपल्या वहीत सभासदाचे नाव, पत्ता, वर्गणीची पावती एवढेच होते. घरात कोण शिकते, हे कुठेच नव्हते. निवेदन फायलीत गेले ते गेलेच.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्यांची ही संघटना. त्यांत बहुसंख्य दलित समाजातील स्त्रिया. या कामाला ना मालक, ना हजेरीपट. पंचायतीने सभासद नोंदवून ओळखपत्रे दिली आणि पुणे महानगरपालिकेने ती मान्य केली. चोर समजून जिला हटकले जाई, तिच्या हाती कामाचा पुरावा आला. या स्त्रिया किती माल वेगळा काढतात आणि त्यामुळे पालिकेचा किती खर्च वाचतो, हे २००१ च्या अभ्यासात रुपयांत मांडले गेले. 'दया करा' ही भाषा मागे पडली. पुढे नोंदलेल्या वेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता पालिका भरू लागली. विमा कोणाचा, याला उत्तर होते. यादी तयार होती. २००८ पासून त्यांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेने पालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम घेतले.

आपल्याकडे सभासदांची यादी एकाच्या संगणकात आणि निवेदने दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये! बँकेत दोन वह्यांचा मेळ लागल्याशिवाय आम्हाला घरी जाता येत नाही. इथे तो मेळ कोणी घातलाच नाही. माझी सूचना साधी आहे. सभासदाच्या नोंदीत शिकणारी मुले, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख यांचे रकाने असावेत. आणि शेवटी निवेदनाचा जावक क्रमांक. पैसे आले की त्यापुढे तारीख पडेल. रकाना कोरा दिसला की स्मरणपत्र जाईल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. गेल्या खेपेस माहिती गोळा करताना एक बाई म्हणाल्या, "पोरीनं फीपायी कॉलेज सोडलं, तेवढं लिहू नका." आम्ही लिहिले नाही. त्यांची भीती खोटी नव्हती. निवडणुकीच्या तोंडावर आपल्याकडे याद्या मागायला लोक आलेले आहेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला नसता तरी ती यादी देण्याचा अधिकार आपल्याला नव्हता. संख्या कार्यालयात द्यावी. नावे संबंधितांनी होकार दिला तरच.

नवे अर्ज बाहेर टेबलावर आहेत. कॉलेजच्या मुलांनी आज दोन तास थांबून वडीलधाऱ्यांचे अर्ज भरून द्यावेत. ज्यांचा दाखला अडला आहे त्यांनी मागच्या बाजूस कार्यालयाचे नाव आणि अर्जाची तारीख लिहावी. पोच असेल तर तिची झेरॉक्स जोडावी.

जयभीम.